वन नेशन वन सबस्क्रिप्शन : पेपर वाचायला मिळाले, छापायचं काय?

मी आपल्या राज्यातल्याच एका सरकारी विद्यापीठात बॉटनीत पीएचडी करतेय, आणि ही स्कीम जानेवारी २०२५ ला सुरू झाली तेव्हापासून जवळजवळ रोज वापरतेय, म्हणून लिहिते. केंद्राने ३ वर्षांसाठी ६,००० कोटी काढले आणि एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली धरून ३० प्रकाशकांची साधारण १३,००० जर्नल्स (संशोधनाची नियतकालिकं) सरकारी विद्यापीठं-कॉलेजांना खुली केली. व्यवस्था बघतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारी यूजीसीची संस्था.

आधी काय व्हायचं, तर रिसर्च पेपर उघडला की अॅब्स्ट्रॅक्टखाली (म्हणजे सारांशाखाली) ३०-४० डॉलर मागणारी पाटी. मग लेखकाला मेल टाका, बंगलोरच्या सीनियरला मस्का मारा, नाहीतर साय-हब, पेपर चोरून फुकट देणारी साइट (तीही २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ब्लॉक करायला लावली). माझा अख्खा लिटरेचर रिव्ह्यू असा उसनवारीवर झालाय. आता डिपार्टमेंटच्या वायफायवर बसलं की पीडीएफ सरळ उतरते. पहिल्या दिवशी अधाशासारखे चाळीस पेपर उतरवले, वाचले सहा.

घरून वापरायला लॉगिन लागतं, ते तुमच्या लायब्ररीने काढून द्यायचं असतं. आमच्याकडे त्याला तीन आठवडे गेले, कारण फॉर्मवर गाईडची सही हवी आणि मॅडम नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणारी संस्था) फायलींमध्ये गळ्यापर्यंत बुडालेल्या. सुट्टी लागायच्या आधी हे काम उरका, नंतर कोणी जागेवर सापडत नाही.

वाचायच्या बाबतीत तक्रार नाही, पैसे वसूल. पण वाचून पुढे लिहिलं तर ते छापायचं कुठे? माझा पेपर ज्या ओपन अॅक्सेस (वाचकाला फुकट, फी लेखकाने भरायची) जर्नलला बसतो त्याची फी अडीच हजार डॉलर, म्हणजे दोन लाखांच्या वर, आणि माझी फेलोशिप महिना ३७,०००. फी माफ होते का म्हणून माहिती काढली. स्प्रिंगर नेचरचा नियम बघा, वर्ल्ड बँकेच्या यादीत देश गरिबाकडे झुकलेला असला तरी एकूण जीडीपी २०० अब्ज डॉलरच्या वर असेल तर आपोआप माफी नाही, आणि भारताचा त्याच्या कितीतरी वर. म्हणजे देशात माणसं जास्त म्हणून मी श्रीमंत! फी न घेणारी जर्नल्स आहेत की, पण तिथे पेपर महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि रिव्ह्यूअरने "हा एक प्रयोग परत करा" म्हटलं की संपलंच, केमिकलची ऑर्डर टाका, तीन कोटेशन आणा, मार्च एंड आला की बिल परत. आमच्या डिपार्टमेंटला मंजूर जागा नऊ, भरलेल्या तीन, बाकी सगळे तासिका तत्त्वावर, त्यांना तास घेऊन रिसर्चला वेळ कधी मिळणार?

आणि हो, पहिल्या टप्प्यात खाजगी कॉलेजं नाहीत. माझी एमएस्सीची मैत्रीण विनाअनुदानित कॉलेजात शिकवते, दोघींचा विषय तोच, शहर तेच, मधे एक उड्डाणपूल, पण तिला अजून तीच डॉलरची पाटी दिसते.

४ स्टार, आणि तेही फक्त वाचण्यासाठी. हे टाइप करतानाच तिचा मेसेज आलाय, दोन पेपरचे डीओआय नंबर आणि खाली "घाई नाही गं, पण उद्यापर्यंत".