मामांचे घडीचे चाकू आणि ‘जुने लोखंड’ या शब्दांखालची माझी सही

गेल्या वर्षी जूनमध्ये रत्नागिरीचे आजोळचे घर रिकामे करताना मामांच्या कपाटात बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे सापडले आणि त्यांत जुन्या धोतराच्या तुकड्यांमध्ये गुंडाळलेले ५४ घडीचे चाकू निघाले. मामा पंचवीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते आणि बंदराला उतरले की एखादा खिशातला चाकू विकत घ्यायचा, ही त्यांची हौस घरात सर्वांना ठाऊक होती. त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून मृत्युपत्रानुसार हे चाकू माझ्याकडे आले. त्यांपैकी २३ चाकू मी साडेसहा हजार रुपयांना विकले आणि आणखी चार चाकू भीतीपोटी एक पैसाही न घेता एका माणसाच्या हाती दिले. वडिलार्जित वस्तू विकायला काढणाऱ्या इतरांच्या घरीही हीच रीत वापरली जाईल याची मला खात्री वाटते, म्हणून घडले ते जसेच्या तसे लिहीत आहे.

तो माणूस ओळखीतून आला होता. ‘जुन्या वस्तूंचे जाणकार’ असे कोणीतरी सांगितले आणि मी फोन केला. त्याने डबे उघडून वरून काढलेला एकच फोटो मागवला, एकेका चाकूचा नाही. दोन दिवसांनी घरी आल्यावर चहा घेता घेता त्याने विचारले, “ताई, मामांनी याबद्दल काही लिहून ठेवले आहे का? वही, पावत्या?” मी नाही म्हणाले. तो प्रश्न मला आपुलकीचा वाटला होता. सौद्याआधी करायची ती चौकशी होती हे आता कळते.

त्यानंतर त्याने सतरंजीवर चाकूंचे दोन ढीग करायला सुरुवात केली. मोठे, चकचकीत, नक्षीदार मुठीचे चाकू एका बाजूला ठेवून तो म्हणाला, “हे विकू नका, ठेवा, यांची किंमत वाढणार आहे.” ज्याला ते सहज मागता आले असते तो माणूस आपणहून ते सोडतो आहे, हे पाहून माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. पुढे समजले की त्या ढिगातले बहुतेक चाकू मामांनी अलीकडच्या काळात पर्यटकांच्या दुकानांतून घेतलेले स्वस्त चाकू होते. दुसऱ्या ढिगात काळवंडलेले, लहान, काही गंजाचे ठिपके पडलेले चाकू गेले, आणि त्या ढिगातल्या प्रत्येक चाकूला त्याने एक दोष लावला.

त्याने लावलेला जवळजवळ प्रत्येक दोष अर्धा खरा होता, आणि फसवणुकीचे मर्म तिथेच होते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचे तीन चाकू होते. घडीच्या चाकूचे पाते उघडले की ते मुठीत शिरते तिथल्या सपाट भागावर कारखान्याचा छाप असतो, आणि चाकू ओळखण्याची सुरुवात तिथूनच करायची असते. रॉजर्सचा छाप म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रूस, म्हणजे टोकांकडे रुंद होत जाणाऱ्या चार बाहूंचा क्रूस. मामांच्या एका चाकूवर त्याच्या जोडीला मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ‘व्ही’ व ‘आर’ ही अक्षरे होती. तो म्हणाला, “रॉजर्सच्या नावाची नक्कल जगभर झाली आहे, आणि यावर देशाचे नाव नाही, म्हणजे हा नकलीच.” नक्कल झाली हे खरे आहे. परंतु देशाचे नाव नसण्याचा अर्थ त्याने नेमका उलटा लावला. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असलेच पाहिजे हा नियम अमेरिकेने १८९१ पासून लागू केला, आणि त्यानंतर इंग्रजी चाकूंवर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास दिसू लागला. देशाचे नाव नसलेला चाकू त्याआधीचा असण्याचा संभव म्हणून वाढतो. तेवढ्यावरून काळ ठरवता येत नाही, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नाव घालण्याची तशी सक्ती नव्हती. मात्र ‘व्ही आर’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे आहेत आणि तिची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी आहे. छाप अस्सल असेल, तर चाकूचा काळ त्या दोन अक्षरांतच बराचसा सापडतो.

अमेरिकेतल्या ‘केस’ या चाकू बनवणाऱ्या कंपनीचा एक चाकू होता. त्याच्या छापाखाली बारीक टिंबे होती. या कंपनीने १९७० मध्ये छापाखाली दहा टिंबे घातली आणि पुढे दरवर्षी एक टिंब कमी केले, त्यामुळे त्या दशकातल्या चाकूचे वर्ष टिंबे मोजून सांगता येते. मामांच्या चाकूवर दहा टिंबे होती. त्याने ती भिंगातून पाहिली, काही न बोलता चाकू मिटला आणि ढिगात टाकला. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना पूर्वी मिळणारा, अॅल्युमिनियमच्या मुठीचा आणि पात्याच्या मुळाशी वर्षाचे दोन आकडे ठोकलेला चाकूही “पत्र्याची मूठ, याला कोण विचारतो” असे म्हणून त्याच ढिगात गेला, आणि प्लॅस्टिकच्या लाल मुठीचा, आजही कोणत्याही मोठ्या दुकानात मिळणारा त्याचा भाऊबंद त्याने ‘मौल्यवान’ म्हणून माझ्याकडे ठेवला.

गंजाबद्दलही असेच झाले. एका डब्यातल्या पाच-सहा चाकूंवर गंज होता, आणि तो दाखवून त्याने “सगळा माल हवेने खाल्ला आहे” असे सांगितले. वास्तविक त्या डब्यात सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लॅस्टिकच्या, मुठीचा एक चाकू होता. जुने सेल्युलॉइड विघटन पावू लागले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि बंद डब्यातल्या शेजारच्या पोलादावर गंज चढतो. अशी मूठ ठिसूळ होते, तिच्यावर भेगा पडतात आणि पुष्कळदा तिला कापरासारखा वास येतो. तो एक चाकू वेगळा काढून बाकीच्यांना हलके तेल लावले असते, तर पुढची हानी थांबली असती. दुसऱ्या डब्यातल्या चाकूंवर गंजाचा ठिपकाही नव्हता. मी ते त्याला दाखवले नाही, कारण बोलण्याचा ओघ त्याच्या हाती होता.

सर्वांत अधिक राग मला त्या चार चाकूंचा येतो. पांढरट मुठीचे चार चाकू उचलून त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, “ताई, हा हस्तिदंत आहे. घरात सापडला तर तुम्हाला तुरुंग होईल. मी नेऊन परस्पर विल्हेवाट लावतो, तुमचे नाव कुठे येणार नाही.” मी घाबरले आणि ते चाकू त्याला दिले. हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात बंद आहे हे खरे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि १९९१ च्या सुधारणेनंतर आफ्रिकेतून आलेला हस्तिदंतही त्या बंदीखाली आला. परंतु बंदी असलेली वस्तू एखादा व्यापारी गुपचूप पिशवीत घालून नेतो, तेव्हा कायदा पाळला जात नसतो, तर मोडला जात असतो. खरोखर शंका असेल तर जायचे ठिकाण वन विभागाचे कार्यालय आहे. त्या चाकूंचे मी सहज काढून ठेवलेले फोटो पुढे मोठे करून पाहिले, तेव्हा तीन मुठींवर बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा स्पष्ट दिसल्या. ती हाडाची खूण आहे, कारण हाडात रक्तवाहिन्यांची सूक्ष्म छिद्रे असतात आणि हस्तिदंतात ती नसतात. चौथ्या मुठीवरच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या समांतर होत्या, आणि हस्तिदंताची नक्कल म्हणून केलेल्या सेल्युलॉइडवर तशाच रेघा असतात. म्हणजे माझ्या पाहण्याप्रमाणे चारांपैकी एकही मूठ हस्तिदंताची नव्हती.

शेवटी त्याने उरलेल्या ढिगाचा उक्ता भाव सांगितला, रोख रक्कम समोर मोजली आणि आधीच छापून आणलेल्या पावतीवर ‘जुने लोखंड, २३ नग’ असे लिहून माझी सही घेतली. त्या ओळीकडे मी पाहिले होते. विचारले असता तो म्हणाला, “नुसती कागदाची रीत आहे.”

तीन आठवड्यांनी मामांच्या कोटाच्या खिशात एक लहान वही सापडली. तिच्यात प्रत्येक चाकूचा क्रमांक, बंदराचे नाव, तारीख, दिलेली किंमत आणि छापाचे हाताने काढलेले चित्र होते. ती वही वाचताना मला रडू आले. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण मामांनी इतक्या बारकाईने जपलेली गोष्ट मी एका दुपारी दुसऱ्याच्या शब्दावर देऊन टाकली, हे अधिक लागले. त्या माणसाला फोन केला तेव्हा त्याने पावतीची आठवण करून दिली. पोलीस ठाण्यातही पावतीवरची सही पाहून मला दिवाणी दाव्याचा मार्ग सांगण्यात आला.

काही महिन्यांनी ‘व्ही आर’ छापाचा चाकू मला एका विक्रीच्या जाहिरातीत दिसला. मुठीवरच्या ओरखड्यावरून तो मी ओळखला. मागितलेली किंमत मला सर्व २३ चाकूंसाठी मिळालेल्या रकमेच्या चौपट होती. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की मागितलेली किंमत म्हणजे मोल नव्हे. कोणी किती मागतो हे न पाहता तसाच चाकू, त्याच अवस्थेत, प्रत्यक्ष कितीला विकला गेला हे पाहावे लागते. दगडावर घासून झिजलेले पाते, ढिली बिजागरी किंवा बदललेली मूठ असेल, तर त्याच छापाच्या चाकूची किंमत पुष्कळ उतरते. माझ्या मावसभावाने प्रेमापोटी उरलेल्यांपैकी दोन चाकू यंत्रावर चकचकीत करून आणले, आणि त्यात छापाची अक्षरे पुसट झाली. जुन्या पोलादावरचा करडा थर गंज नसतो आणि तो काढायचा नसतो, हे त्याला सांगायला मी उशीर केला.

आता उरलेल्या प्रत्येक चाकूचे दोन्ही बाजूंचे आणि छापाचे जवळून फोटो काढून मी वहीतल्या क्रमांकाशी जुळवले आहेत. एका परिचिताने ते पाहून माहिती दिली, आणि ती मी केवळ एवढ्यासाठी ग्राह्य धरली की त्यांना यातला एकही चाकू विकत घ्यायचा नव्हता.

वहीतला क्रमांक १४ अजून बाहेर आहे. सांबरशिंगाची मूठ, दोन पाती, त्यांतले लहान पाते टोकाशी किंचित मोडलेले, ताऱ्याचा आणि क्रुसाचा छाप, आणि मुठीवरच्या चांदीच्या छोट्या ढालीवर सुईने कोरलेले देवनागरी ‘ग’. हा चाकू तुमच्यासमोर विक्रीला आला, तर विकणाऱ्याला तो कुठून मिळाला हे कृपया विचारा.