ख्रिस्तविरोधकाच्या शोधात सहा रविवार: एका ऑनलाइन अभ्यासवर्गाविषयी

यंदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात सहा रविवारी संध्याकाळी सैतान, ख्रिस्तविरोधक आणि अंतिम काळ या विषयावरील एक मराठी ऑनलाइन अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. शुल्क 900 रुपये होते, प्रत्येक सत्र दीड तासाचे होते आणि चाळीस पानांची छापील पुस्तिका टपालाने घरी आली. वर्गात वसईकडचे कॅथॉलिक होते, तसे नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंटही होते, आणि या विषयावर दोघांची शिकवण एकसारखी नसल्यामुळे अध्यापकांपुढचे काम मुळातच अवघड होते. पहिली चार सत्रे त्यांनी हे काम उत्तम पेलले. शेवटच्या दोन सत्रांबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही.

पहिल्याच सत्रात त्यांनी सगळ्यांना बायबलमधले शेवटचे, प्रकटीकरणाचे पुस्तक उघडायला सांगून त्यात ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द शोधायला लावला. आम्ही दहा मिनिटे पाने चाळली आणि शब्द कोणालाही सापडला नाही, कारण तो तेथे नाहीच. तो येतो फक्त योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रात, चार वचनांत मिळून पाच वेळा, आणि तेथेही योहान ‘पुष्कळ ख्रिस्तविरोधक’ आताच उठले आहेत असे लिहितो. म्हणजे ही माणसे मंडळीतूनच बाहेर पडलेली, येशू हा ख्रिस्त आहे हे नाकारणारी आहेत. जगावर राज्य करणाऱ्या एकाच भयंकर पुरुषाचे जे चित्र आपण लहानपणापासून ऐकतो, ते या पत्रांतला शब्द, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला देवाच्या मंदिरात बसणारा ‘नाशाचा पुत्र’ आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातले समुद्रातून वर येणारे श्वापद या तिघांना एकत्र गुंफून पुढच्या शतकांत तयार झाले. तीस वर्षे चर्चमध्ये जाऊनही हे मला कोणी असे समोर ठेवून दाखवले नव्हते.

सैतानावरचे दुसरे सत्र त्यामानाने घाईत उरकले. ईयोबाच्या पुस्तकात देवासमोर येऊन माणसावर आरोप ठेवणारा सैतान आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात स्वर्गातून खाली टाकला जाणारा अजगर यांच्यामध्ये केवढे अंतर आहे, हे सांगायला आणखी अर्धा तास हवा होता.

तिसरे सत्र 666 या, प्रकटीकरणात श्वापदाचा म्हणून दिलेल्या आकड्याचे होते आणि माझ्या मते याच सत्रासाठी शुल्क वसूल झाले. हिब्रू लिपीत अक्षरांनाच संख्यामूल्य असते; ‘नेरोन कैसर’ म्हणजे रोमन सम्राट नीरो, या नावाची अक्षरे मांडून अध्यापकांनी 50, 200, 6, 50, 100, 60 आणि 200 अशी 666 ची बेरीज फळ्यावर करून दाखवली. नावाच्या शेवटचा ‘न’ गाळला की 616 उरतात, आणि इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका प्राचीन पपायरस प्रतीवर नेमका हाच आकडा आहे. इरेनियस या धर्मपित्याला दुसऱ्या शतकातच हा पाठभेद माहीत होता. त्याने तो चुकीचा ठरवला आणि कोणाचे नाव ठामपणे जाहीर करण्याचा उतावीळपणा करू नये, असेही बजावले.

चौथ्या सत्रात इटलीतील ऑर्विएतो येथील कॅथेड्रलमधले लुका सिन्योरेल्ली या चित्रकाराचे भित्तिचित्र पडद्यावर मोठे करून दाखवले. 1499 ते 1504 या काळात रंगवलेल्या त्या प्रार्थनालयात ख्रिस्तविरोधक चौथऱ्यावर उभा राहून उपदेश करतो. चेहरा, दाढी, केस सगळे ख्रिस्तासारखे, पायाशी सोन्याच्या भेटी, आणि कानाशी लागून कुजबुजणारा सैतान. सैतानाचा हात त्याच्या झग्याआडून असा पुढे आला आहे की तो हात नक्की कोणाचा, हे पटकन सांगता येत नाही. शिंगे आणि शेपटी शोधणाऱ्या आमच्या वर्गात त्या क्षणी चांगलीच शांतता पसरली होती.

एवढे सगळे शिकवल्यावर पाचव्या सत्रात तेच अध्यापक वर्तमानपत्रांची कात्रणे घेऊन बसले. विश्वासणाऱ्यांचे स्वर्गात वर उचलले जाणे, सात वर्षांचे महासंकट, मग हजार वर्षांचे राज्य, अशी सरळ कालरेषा त्यांनी बायबलची एकमेव शिकवण म्हणून मांडली आणि तिच्यावर बारकोड, ओळखपत्रे व आजचे काही राज्यकर्ते चिकटवले. या मांडणीचा प्रसार जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी 1830 च्या दशकापासून केला आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबल या सटीप आवृत्तीच्या टिपांमुळे ती घरोघरी पोहोचली, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. ऑगस्टीन या प्राचीन धर्मपित्याने ती हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच चालू काळ असे मानले होते. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ शेवटच्या परीक्षेची व ख्रिस्तविरोधकाची शिकवण देतो, पण पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना स्पष्टपणे नाकारतो. वसईच्या एका बाईंनी हे सौम्य शब्दांत विचारले, तेव्हा ‘वेळ कमी आहे’ असे उत्तर मिळाले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात प्रोटेस्टंटांनी पोपलाच ख्रिस्तविरोधक ठरवले होते, हा नाजूक भागही अर्थातच टाळला गेला. मिश्र वर्गात तो टाळणे मला समजू शकते, पण नावे चिकटवण्याची खोड किती जुनी आहे, हे त्याच उदाहरणाने नीट कळले असते.

सेवेच्या बाजूने तक्रारी किरकोळ आहेत. पुस्तिकेत वचनांचे क्रमांक चार ठिकाणी चुकले आहेत आणि सत्रांची ध्वनिचित्रमुद्रणे पंधरा दिवसांतच काढून टाकली जातात. पुढची तुकडी नाताळापूर्वीच्या आगमनकाळात सुरू होणार आहे. माझ्या धाकट्या बहिणीसाठी फक्त पहिल्या चार सत्रांपुरती, निम्म्या शुल्कात नावनोंदणी होईल का, असे मी आयोजकांना लिहून विचारले आहे; त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.