व्हिएतनाम टूर, ८ दिवस: सगळं छान पण जेवणाचं तेवढं बघा

डिसेंबरमध्ये मी, आई (वय ७१) आणि माझा भाचा असे तिघं या टूर कंपनीबरोबर व्हिएतनामला जाऊन आलो. पुण्यात कर्वे पुतळ्यापासून मुंबई एअरपोर्टपर्यंत बस, हॉटेलं स्वच्छ, टूर मॅनेजर दादा आईच्या गुडघ्यांची रोज चौकशी करायचा, त्यामुळे व्यवस्थेला पूर्ण मार्क. एक सांगते, हनोईत डिसेंबरमध्ये थंडी असते, स्वेटर न्याच, आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांनी तिथं जाऊन विकत घेतले.

खरा पैसा वसूल झाला तो हनोईच्या लोकल गाईडमुळे. तिनं आम्हाला साहित्य मंदिरात नेलं, १०७० सालचं, कन्फ्युशियसचं, आणि लगेच १०७६ ला तिथं राजघराण्याची शाळा सुरू झाली. आत दगडी कासवांच्या पाठीवर ८२ मोठे शिलालेख उभे आहेत आणि त्यावर शेकडो वर्षांपूर्वी राजदरबाराची सगळ्यात वरची परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलीयेत. माझा भाचा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय, तिसरा अटेम्प्ट, तो त्या कासवांसमोर किती वेळ नुसता उभा होता. गाईड म्हणाली परीक्षेच्या आधी पोरं येऊन कासवाच्या डोक्यावर हात फिरवायची, दगड झिजायला लागला म्हणून आता कठडा केलाय. भाच्यानं लांबूनच नमस्कार केला.

आता तक्रार. ८ पैकी ७ रात्री आम्हाला इंडियन रेस्टॉरंटमध्ये नेलं, पनीर बटर मसाला, जिरा राइस, दाल, गुलाबजाम. मला कळतं की ग्रुपमध्ये व्हेज लोक जास्त असतात आणि तिथं नुओक माम म्हणजे माशांचं आंबवलेलं पातळ सॉस सगळ्यात पडतं, अगदी भाजीतसुद्धा, त्यामुळे टूरवाले रिस्क घेत नाहीत. पण व्हिएतनामचं स्वतःचं शाकाहारी जेवण आहे हो! त्याला ते चाय म्हणतात, शाकाहार करणं म्हणजे 'आन चाय'. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मांस-मासे सोडतात आणि कडक पाळणारे तर कांदा-लसूणही खात नाहीत.

आम्हाला हे कसं कळलं तर आम्ही होई आनला पोचलो ती चतुर्दशीची रात्र होती, त्या रात्री जुन्या गावातले दिवे बंद करून नुसते कंदील लावतात, नदीत कागदी दिवे सोडतात, आई म्हणाली अगं त्रिपुरी पौर्णिमाच की. तिथला गाईड म्हणाला उद्या १५, उद्या आमच्या घरीपण चाय. मग दुसऱ्या दिवशी दुपारी दा नांगला मी मॅनेजर दादाला विचारून आईला एका छोट्या चाय हॉटेलात घेऊन गेले. टोफू, मशरूम, फणसाची भाजी, केळफुलाचं सॅलड, भात. केळफूल बघून आईचा चेहराच बदलला, तिच्या माहेरी गुहागरला केळफुलाची भाजी नेहमीची, पुण्यात ती सोलत बसायला कुणाला वेळ नसतो. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी माझी आई परदेशात पहिल्यांदा काही न विचारता पोटभर जेवली. मग ग्रुपमधल्या बाकीच्या आज्यांना हे का नाही मिळालं?

दुसरं, 'मी सन' (My Son) नावाच्या जुन्या देवळांच्या ठिकाणी फक्त सव्वा तास. चाम राजांची (तिथल्या जुन्या चंपा राज्याचे राजे) ही शंकराची देवळं, चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं इथं भद्रेश्वराची स्थापना केली, पुढं १३व्या शतकापर्यंत बांधकामं चालू होती. लाल विटांची, सांध्यात चुना दिसतच नाही. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत बरीच पडली, खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथं डागडुजी केली आणि त्या कामातच २०२० साली ९व्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आपलं जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर ८व्या शतकातलं, म्हणजे साधारण एकाच काळात दोन्हीकडे तोच देव, हे नुसतं उभं राहून मनात उतरायला वेळ नको का? आईला पिंडीपाशी दोन मिनिटं बसायचं होतं तर शिट्टी वाजली. आणि त्याच दिवशी बा ना हिल्सला, जिथं तो दगडासारख्या दिसणाऱ्या दोन मोठ्या हातांवरचा पूल आहे (२०१८ चा), तिथं अख्खी दुपार आणि संध्याकाळ. फोटो छान येतात, ठीक आहे, पण त्यातले दोन तास 'मी सन'ला द्या.

कॉफीबद्दल थोडक्यात, फिन नावाच्या तिथल्या छोट्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी, खाली कंडेन्स्ड मिल्क, अप्रतिम. हनोईची अंड्याची कॉफी १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा निघाली, मी दोन प्यायले, आईनं नारळाची घेतली.

५ पैकी ४ देतेय. मी ऑफिसमध्ये जाऊन हे सगळं तोंडीपण सांगितलंय, काउंटरवरच्या ताईंनी लिहून घेतलं. मार्चच्या बॅचला निदान दोन रात्री चाय जेवण ठेवलं तर माझी मावशी आणि काका लगेच बुकिंग करणारेत, दोघं फक्त तेवढ्यासाठी थांबलेत.