ताब्याच्या वादातलं मूल्यमापन: पाचपैकी साडेतीन

दीड स्टार कापलाय तो उशिरासाठी. माझ्याबद्दल जे लिहिलं त्यासाठी नाही.

मुलाचा ताबा आणि भेटीच्या वेळा यांवर आमचं काही केल्या जुळेना, तेव्हा कोर्टाने आम्हा आईबापांचं मूल्यमापन करून घ्यायला सांगितलं. मूल्यमापक बाई मानसशास्त्रज्ञ. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की इथे बोललेलं काहीच गुपित राहणार नाही, आणि त्या उपचार करायला बसलेल्या नाहीत. तरी दुसऱ्या बैठकीनंतर मी खुशीत बाहेर पडलो, बाईंना माझं पटलंय म्हणून. कसलं काय! त्या सगळ्यांचंच तसं मान हलवत ऐकतात.

मग एमएमपीआय-२, म्हणजे स्वभाव आणि मानसिक स्थिती तपासणारी लेखी चाचणी. ५६७ विधानं, प्रत्येकापुढे खरं की खोटं. पहिली शंभरेक मी अगदी आदर्श बाप दिसेल अशी सोडवली. अशी सोंगं पकडणाऱ्या मोजपट्ट्या त्या चाचणीतच असतात, हे नंतर कळलं. पण ताब्याच्या भांडणात बहुतेक आईबाप स्वतःला चांगलंच रंगवतात, आणि ही चाचणी मुळात पालकत्व मोजायला बनलेली नाही. बाईंनी एवढ्यावरून माझं माप काढलं नाही.

खरा कस घरी लागला. मुलगा तेव्हा साडेपाचचा. बाई सरळ जमिनीवर बसल्या, वही मिटलेली. त्याचा ठोकळ्यांचा पूल चालला होता. "शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं?" मी नाव सांगून टाकलं. "झोपताना दिवा लागतो का?" तेही मीच सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला पोराने तोंड उघडायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत, एक ठोकळा त्याच्याकडे सरकवला.

अहवालात एक ओळ होती: मुलाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वडील देतात. वकिलांना ती खोडून काढायची होती. मी नको म्हटलं.

आता तक्रार. सांगितले दोन महिने, लागले पाच. तोवर पोरगं पहिलीत गेलं, ज्या शिक्षिकांशी बाई बोलल्या होत्या त्या मागे राहिल्या, आणि अहवालातलं वेळापत्रक जुन्या शाळेच्या सुटण्याच्या वेळेवर बेतलेलं. शेवटी अहवाल म्हणजे शिफारसच. न्यायाधीशांनी बुधवारची एक रात्र आपल्या मनाने वाढवून दिली. पण या पाच महिन्यांत पोराला कोण आणणार, कोण सोडणार, यावर आमचे रोज खटके उडत होते, त्याची भरपाई कुठल्या कागदात नाही.

जाणार असाल तर पोराला पढवून नेऊ नका. लगेच कळतं.

परवा डॉक्टरांनी त्याला विचारलं, कुठे दुखतंय? मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने चांगला विचार केला, मग गुडघा दाखवला. मी पोट म्हणणार होतो.