जुलैतले चक्रवाक आणि माझे 25,848 रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, हे घरात सगळ्यांना मीच बजावत असतो. तरी 25,848 रुपये घालवून बसलोय.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. माझ्याकडे कॅनन 1300डी कॅमेरा आणि 55-250ची लेन्स. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जांभळी पाणकोंबडी काठाशी आली तर तेवढ्यात भागतं. पण पाण्याच्या मधोमध बसलेले चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) किंवा लांबवर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी म्हणजे नुसता ठिपका, क्रॉप केला की पिठलं. म्हणून लांबचं जवळ आणणारी जुनी सिग्मा 150-600 लेन्स शोधत होतो. जाहिरात दिसली, 38,000. हाव सुटली, कबूल.

विकणारा फौजी, पोस्टिंग देवळालीच्या लष्करी कॅम्पात, बदली झाली म्हणून विकतोय. फौजी असल्याचं सांगून गंडवायचा हा प्रकार तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. पण आम्ही नाशिक रोडची माणसं, फौजी इथे भाजीच्या गाडीवरही भेटतो. शंका कुठून येणार? वर "फौजी आदमी हूँ सर, झूठ नहीं बोलूँगा."

आता जे आठवलं की रात्री झोप लागत नाही ते. मी सॅम्पल फोटो मागितला. त्याने चक्रवाक बदकांची जोडी पाठवली. नारिंगी अंग, मागे निळंशार, संथ पाणी. "कल ही खींचा, नांदूर में." तारीख 12 जुलै! बाहेर तीन दिवस पाऊस, गोदावरी गढूळ, आणि चक्रवाक तेव्हा लडाख-तिबेटकडे पिल्लं सांभाळत असतात. आपल्याकडे येतात ते थंडीत. मी, जो नवख्यांना हेच तोऱ्यात सांगतो, त्याने तो फोटो झूम करून मानेवरची पिसं मोजली आणि उत्तर पाठवलं, "क्या शार्पनेस है!" पक्षी बघितलाच नाही, लेन्स बघितली.

मग नेहमीचंच. टोकन 2,000. कुरिअर आणि विमा 3,850. कॅम्पातून पार्सल बाहेर काढायला गेट पास 9,999, परत मिळणारे. "एंट्री फेल झाली" म्हणून पुन्हा 9,999. देवळाली कॅम्प माझ्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. गेलो का नाही? "सिव्हिलियन को अंदर नहीं आने देंगे" म्हणाला, आणि पाऊसही होता. हसा.

शरमेने दोन दिवस कुणाला बोललो नाही. ही दुसरी चूक. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर त्याच तासाला फिरवायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठले तर गोठले. मी तिसऱ्या दिवशी फिरवला.

ठाण्यात पहिला प्रश्न, "लेन्स म्हणजे चष्म्याची का?" समजावलं. "देवळालीचा म्हणता ना, मग तिकडे जा." तिकडे गेलो तर, "तुम्ही राहता कुठे? मग तिकडेच." परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या फेरीला स्टेटमेंटची प्रिंट हवी, पाचव्या फेरीला त्यावर बँकेचा शिक्का हवा. बँकेत शिक्क्यासाठी दीड तास उभा. वर ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण पिन तुम्हीच टाकलात ना?" हो बाई, मीच टाकला. म्हणून पैसे पाठवणाऱ्यालाच आरोपी करायचं? खातं निघालं परराज्यातलं. हवालदार सहानुभूतीने म्हणाला, "पंचवीस हजार ना? इथे पंचवीस लाखवाले बसलेत." म्हणजे मी अजून थोडे पाठवायला हवे होते!

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो आला की त्यातली तारीख-कॅमेऱ्याची माहिती उडते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट करून मागा. आजच्या पेपरावर लेन्स ठेवून, सीरियल नंबर दिसेल असा फोटो मागा. देत नसेल तर विषय संपला. पैसे *मिळवायला* पिन कधीच लागत नाही. भेटलात तर मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बुरशी बघा, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून 600ला चार फोटो काढा, मगच खिशात हात घाला.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तेच चक्रवाक, तेच निळं पाणी. किंमत 36,000, पोस्टिंग आता पुण्याला.