नगरचं रणगाडा म्युझियम: रणगाडे बघाच, पण तिथल्या जवानांशी बोला

नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) पाहुणे आले की शिर्डी, शिंगणापूर करून परत जातात आणि कॅव्हलरी टँक म्युझियम राहूनच जातं. तसं करू नका खरंच. लष्कराच्या आर्मर्ड कोर (म्हणजे रणगाडा दल) सेंटर अँड स्कूलने 1994 साली सुरू केलेलं आहे, पन्नासच्या आसपास रणगाडे नि चिलखती गाड्या मोकळ्यावर उभ्या आहेत, रोल्स रॉइसची जुनी सिल्व्हर घोस्ट चिलखती कार, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन आठ चाकी गाडी, छोटासा जपानी हा-गो, चर्चिल, शर्मन हे रणगाडे आणि आपला चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात बनलेला विजयंता.

पण माझे पाच स्टार ड्युटीवरच्या जवानांना आहेत. पब्लिक वाट्टेल ते विचारतं आणि ही मुलं प्रत्येक प्रश्नाला साहेबाने विचारल्यासारखं उत्तर देतात.

सेंच्युरियनपाशी एक जण बाइकची चावी फिरवत आला आणि थेट, "फौजी, अ‍ॅव्हरेज किती देतो हो?" जवान सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "सर, एक किलोमीटर में कितना लीटर लगता है वो पूछिए, चार से ऊपर." त्या भाऊंनी खरंच तोंडी हिशोब केला, नगर ते पुणे एकशेवीस धरले तरी पाचशेच्या आसपास लिटर, आणि म्हणाले "मग एसटीच बरी." तोपर्यंत गंभीर असलेला जवान तिथे फुटला!

सगळ्यात भारी मात्र पॅटनपाशी. राहुरीकडचे चार-पाच टोपीवाले काका उभे होते आणि जवान 1965 ची पंजाबातली असल उत्तरची लढाई सांगत होता, पाकिस्तानचे पॅटन खेमकरणकडून पुढे आले, आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतात सोडलं होतं, चाळीस टनांच्या वरचं धूड चिखलात रुतलं आणि आपले रणगाडे उसात दबा धरून बसलेले. एक काका एकदम कळवळून म्हणाले, "आरं पण वाफसा नसताना आम्ही बैल घालत नाय रानात, ह्यांनी रणगाडं घातलं?" जवान पण शेतकऱ्याचाच पोरगा निघाला, त्याला मराठी अर्धंमुर्धं कळलं असेल पण मुद्दा पूर्ण कळला, म्हणाला "काकाजी, उनके पास आप जैसा कोई बताने वाला नहीं था." मग काकांनी महिना विचारला, सप्टेंबर म्हटल्यावर "मग ऊस डोक्याच्या वर असणार" म्हणून हात उंच करून टरेटच्या (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजाच्या) उंचीशी लावून बघितला, आणि दोघांची पाणी, ऊस, चिखल यावर अशी चर्चा रंगली की बाकीचे रणगाडे बाजूलाच राहिले. शेवटी जवानाने अब्दुल हमीद यांचं सांगितलं, जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटन फोडले आणि तिथेच शहीद झाले, मरणोत्तर परमवीर चक्र. काकांनी टोपी काढली. इतकं नीट 65 चं युद्ध मला कुठल्याच पुस्तकातून समजलं नव्हतं.

विजयंतापाशी एका आजीला दारच सापडेना. वरून उतरतात, आत चार जण बसतात असं कळल्यावर पहिला प्रश्न, "आन् पंखा?" नहीं माताजी. झालं, आजींनी पिशवी उघडून भाकरी-ठेचा बाहेर काढला, जवान म्हणतोय ड्युटी पे हूँ माताजी, आजी म्हणतात "ड्युटी कवा सुटती, मी बसते हितं," आणि खरंच झाडाखाली बसल्या हो, उठायचं नावच नाही. शेवटी त्याने पुडकं घेऊन बाजूला ठेवलं तेव्हा घरच्यांना त्यांना नेता आलं.

जाणाऱ्यांसाठी: सगळं उघड्यावर आहे, लोखंड तापतं, टोपी नि पाणी घ्या, आर्मीची जागा आहे तर ओळखपत्र जवळ असू द्या. रणगाड्यावर चढून फोटो काढायला जाऊ नका, शिट्टी वाजते आणि पोरांच्या आधी त्यांचे बाप उड्या मारतात. पीटी-76 हा पाण्यात तरंगणारा रणगाडा पोरांना आवर्जून दाखवा आणि तो कसा तरंगतो ते जवानालाच विचारा. रविवारची गर्दी टाळलीत तर त्यांना निवांत बोलायला वेळ मिळतो, म्हणून मी तर सांगेन मधल्या वारीच जा.