ऑक्टोबरचे वीजबिल आणि दोन उमेदवार: ऋषी सुनक व लिझ ट्रस यांच्या महागाईवरील योजनांची तुलना

काल, म्हणजे 26 ऑगस्ट 2022 रोजी, ऑफजेम या ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने 1 ऑक्टोबरपासूनची दरमर्यादा जाहीर केली. माजी अर्थमंत्री ऋषी सुनक आणि परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांच्यात चाललेली सत्ताधारी हुजूर पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक गेले काही आठवडे भाषणे, पोशाख आणि परस्परांना मारलेले टोमणे यांत घुटमळत होती. कालपासून ती एका आकड्यावर येऊन थांबली आहे. तो आकडा आहे वर्षाला 3,549 पौंड. आजची मर्यादा 1,971 पौंडांची आहे आणि गेल्या ऑक्टोबरात ती 1,277 पौंडांची होती. यापेक्षा अधिक बिल येणारच नाही, असा अनेकांचा समज झालेला दिसतो, तो मात्र खरा नाही. ऑफजेम मर्यादा घालते ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर. 3,549 हा वर्षाला 2,900 युनिट वीज आणि 12,000 युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा हिशेब आहे. विजेचे युनिट 28 पेन्सांवरून 52 वर आणि गॅसचे 7 वरून 15 पेन्सांवर जाणार आहे. येत्या बुधवारी गणेश चतुर्थी आहे. दोन किलोवॉटच्या विजेच्या शेगडीवर मोदकांची उकड काढण्यापासून ते वाफवून उतरवण्यापर्यंत तास गेला, तर बुधवारी 56 पेन्स लागतील. त्याच शेगडीवर दिवाळीत तासभर चकल्या तळल्या, तर एक पौंड चार पेन्स.

हा आढावा ज्यांच्या हाती मतपत्रिका आहे आणि अजून मन ठरलेले नाही, अशा सभासदांसाठी आहे. पुढचा पंतप्रधान या वेळी सर्व मतदार निवडणार नसून पक्षाचे दीड लाखाहून थोडे अधिक सभासद निवडणार आहेत, आणि या मतासाठी ब्रिटिश नागरिकत्वाची अट नसल्याने येथे नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावलेल्या काही मराठी घरांतही ते लिफाफे पोचले आहेत.

श्रीमंतीचा मुद्दा आधी बाजूला काढू

सुनक यांच्याविषयी बोलणे निघाले की पहिले वाक्य त्यांच्या संपत्तीचे असते. संडे टाइम्सच्या या वर्षीच्या श्रीमंतांच्या यादीत सुनक दांपत्याची संपत्ती 73 कोटी पौंड धरलेली आहे आणि तिचा मोठा भाग अक्षता मूर्ती यांच्या इन्फोसिसमधील समभागांचा आहे. ज्या कंपनीची सुरुवात 1981 साली पुण्यात, सुधा मूर्ती यांनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर झाली, तिचा लाभांश आज ब्रिटनच्या राजकारणात वादाचा विषय व्हावा, हे आपल्याला अंमळ गमतीचे वाटते. वाद मात्र गमतीचा नव्हता. पती अर्थमंत्री असताना पत्नी परदेशी उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरत नव्हती. ते कायद्याला धरून होते, तरी एप्रिलमध्ये टीका झाल्यावर यापुढे तो कर भरण्याचे त्यांनी जाहीर केले. त्याआधी मार्चमध्ये इंधनावरील कर 5 पेन्सांनी कमी केल्यावर सुनक यांनी पेट्रोल भरतानाचे छायाचित्र काढून घेतले, तेव्हा मोटार दुसऱ्याची होती आणि पैसे देताना कार्ड कसे धरावे याचाही गोंधळ उडाला.

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण येथे सहज ओठांवर येते. तथापि मत देण्यासाठी ती पुरेशी नाही, कारण ज्याला कळते तो योग्य तेच करील अशी हमी ती देत नाही. गेल्या दोन वर्षांत टाळेबंदीच्या काळातील वेतनसाहाय्यापासून या मे महिन्यातील 15 अब्ज पौंडांच्या मदतीपर्यंत सर्वांत मोठ्या रकमा याच श्रीमंत अर्थमंत्र्यांच्या सहीने सामान्य घरांत गेल्या आहेत. प्राध्यापक वडील आणि परिचारिका आई यांच्या घरी वाढलेल्या ट्रस यांनी मात्र ऑगस्टच्या आरंभी, आपला मार्ग अनुदाने वाटण्याचा नसून करांचे ओझे उतरवण्याचा आहे, असे स्वच्छ सांगितले. म्हणून उमेदवाराच्या खिशात किती आहे यापेक्षा आपल्या घरात किती येणार, केव्हा येणार आणि ते कोठून येणार, हे तीन प्रश्न विचारलेले बरे.

मे महिन्यात ठरलेली मदत या तुलनेत धरू नये. प्रत्येक घराला ऑक्टोबरपासून सहा हप्त्यांत 400 पौंड, अल्प उत्पन्नामुळे सरकारी भत्ते मिळणाऱ्या 80 लाखांहून अधिक घरांना 650, पेन्शनरांच्या घरांना 300 आणि अपंगत्वाचा भत्ता मिळणाऱ्यांना 150 पौंड, या रकमा कोणीही जिंकले तरी मिळतील. त्यासाठी तेल व वायू कंपन्यांच्या नफ्यावर 25 टक्क्यांचा जादा कर बसवला गेला. ही मागणी मजूर पक्ष जानेवारीपासून करीत होता आणि सुनक यांनी ती बरेच महिने नाकारून शेवटी वेगळ्या नावाने स्वीकारली, हे लक्षात असावे. ती मदत ठरली तेव्हा ऑक्टोबरची मर्यादा 2,800 पौंडांच्या आसपास राहील असा अंदाज होता. म्हणजे त्यापुढच्या साडेसातशे पौंडांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

कोणाच्या घरात किती

ट्रस यांच्या योजनेचे तीन भाग आहेत: एप्रिलमध्ये सव्वा टक्क्याने वाढवलेला नॅशनल इन्शुरन्सचा (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या कराचा) दर मागे घेणे, कंपनी कर 19 वरून 25 टक्के होणार आहे तो होऊ न देणे, आणि ऊर्जाबिलातील पर्यावरण शुल्क दोन वर्षांसाठी थांबवणे. तिसऱ्या भागाने सरासरी घराचे वर्षाला 153 पौंड वाचतील. पहिल्या भागाचा हिशेब ज्याने त्याने घरी करून पाहावा; तो सोपा आहे. वार्षिक पगारातून 12,570 पौंड वजा करावेत आणि उरलेल्याचा सव्वा टक्का काढावा. 30,000 पौंड पगार असेल, तर वर्षाला 218 पौंड वाचतात, म्हणजे महिन्याला 18. एक लाख पगार असेल, तर 1,093 पौंड वाचतात. दुकानात अर्धवेळ काम करून 12,000 कमावणाऱ्या बाईचे शून्य पौंड वाचतात, आणि पेन्शनवर राहणाऱ्या आजी-आजोबांचेही शून्यच, कारण ते हा कर भरतच नाहीत. ज्यांना थंडी अधिक बाधते आणि जे दिवसभर घरात असतात, त्यांच्यापर्यंत ही सवलत पोचत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे. आणीबाणीचा अर्थसंकल्प मांडू आणि त्यात दिलासा देऊ, असे त्या म्हणतात. दिलाशाचा तपशील त्यांनी दिलेला नाही.

सुनक यांची भूमिका प्रथम ‘आधी महागाई आटोक्यात, मग करकपात’ अशी होती आणि ट्रस यांच्या करकपातीला ते परीकथा म्हणत होते. पुढे मतदारांचा कल दिसू लागला तशी ती भूमिका सैल झाली. जुलैअखेरीस त्यांनी घरगुती ऊर्जेवरील 5 टक्के व्हॅट वर्षभर काढून टाकण्याचे जाहीर केले. यात घराचे सुमारे 160 पौंड वाचतील. परंतु व्हॅट काढला तर मोठ्या घरांना अधिक फायदा होतो, हा आक्षेप फेब्रुवारीत याच सुनक यांनी संसदेत घेतला होता. त्यानंतर प्राप्तिकराचा मूळ दर 20 वरून 16 टक्क्यांवर आणण्याचे वचन आले. 30,000 पगारावर ते वर्षाला 697 पौंड होतात, पण पुढील संसदेच्या मुदतीअखेर, म्हणजे 2029 च्या सुमारास. या हिवाळ्याच्या बिलापुरते हे वरातीमागून आलेले घोडे आहे. त्यांच्या योजनेचा वजनदार भाग ऑगस्टच्या मध्यावर आला: एकूण 10 अब्ज पौंडांपर्यंत आणखी खर्च करू, त्यातला निम्मा व्हॅटसाठी आणि उरलेला पेन्शनर व अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी थेट मदत म्हणून. कोणाला नेमके किती, हे त्यांनीही सांगितलेले नाही. पण पैसा कोणत्या दारी जाणार, ते सांगितले आहे.

आता दोन्ही योजना एकाच घराला लावून पाहू. 30,000 पगाराच्या एकट्या कमावत्याला पहिल्या वर्षी ट्रस 371 पौंड देतात आणि सुनक सुमारे 160. लाखभर पगाराच्या घराला ट्रस 1,246 देतात आणि सुनक तेवढेच 160. पेन्शनवरील जोडप्याला ट्रस यांचे 153 मिळतील. सुनक यांचे 160 आणि वर थेट मदतीचा वाटा. बिलातील वाढ मात्र तिघांच्याही घरी सरासरीने 1,578 पौंडांची आहे. ती कोणाच्याही योजनेतून भरून निघत नाही. मजूर पक्षाने एप्रिलचीच मर्यादा सहा महिने गोठवण्याचा 29 अब्ज पौंडांचा प्रस्ताव मांडला आहे, पण तो या मतपत्रिकेवर नाही.

पैसा कोठून, आणि गृहकर्जाचे काय

येथे जरा रेंगाळावे लागेल, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी घर कर्जावर घेतलेले आहे. ट्रस यांच्या वर्षाला 30 अब्ज पौंडांहून अधिक किमतीच्या करकपातीची भरपाई दुसऱ्या करातून होणार नाही. कोविडकाळातील कर्ज अधिक लांब मुदतीवर टाकावे आणि करकपातीने अर्थव्यवस्था वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे. चलनवाढ जुलैत 10.1 टक्क्यांवर पोचली आहे, अन्नपदार्थांची 12.7 टक्क्यांवर, आणि ती वर्षअखेरीस 13 टक्क्यांच्याही पुढे जाईल असा बँक ऑफ इंग्लंडचा अंदाज आहे. अशा वेळी सरकारने उसनवारीने लोकांच्या हाती पैसा दिला, तर बँक व्याजदर अधिक वेगाने वाढवील, असा सुनक यांचा युक्तिवाद आहे. ट्रस यांच्या बाजूने बोलणारे अर्थतज्ज्ञ पॅट्रिक मिनफर्ड यांनीच 5 ते 7 टक्के हा व्याजाचा स्वाभाविक दर असल्याचे म्हटले होते, याची आठवण सुनक यांनी वादसभेत करून दिली. बँकेचा दर गेल्या डिसेंबरच्या आरंभी 0.1 टक्का होता, तो आज 1.75 टक्के आहे.

दोन लाख पौंडांच्या कर्जावर व्याज एका टक्क्याने वाढले, तर वर्षाला सुमारे 2,000 पौंड जादा जातात. ज्यांचा दोन वर्षांचा स्थिर दर या हिवाळ्यात संपतो आहे, त्यांनी नॅशनल इन्शुरन्सचे 218 पौंड या 2,000 शेजारी लिहून पाहावेत. व्याजदर सुनक आले तरी वाढतीलच आणि त्यांचे 10 अब्जही अंशतः कर्जातूनच येणार आहेत. फरक इतकाच की त्यांची रक्कम ट्रस यांच्या रकमेच्या सुमारे एक-तृतीयांश आहे आणि ती ‘दरवर्षी’ नसून ‘एकदाच’ आहे. माझ्या मते तो लहान फरक नाही.

पर्यावरण शुल्काबाबत एक खुलासा आवश्यक आहे. घरांच्या भिंती-छपरांना उष्णतारोधक थर देण्याच्या आणि गरीब घरांना हिवाळी सवलतीच्या योजना याच शुल्कातून चालतात. त्या चालू ठेवायच्या असतील, तर तो पैसा तिजोरीतून द्यावा लागेल.

माझा कौल सांगायचा, तर घरात पेन्शनर असतील, उत्पन्न कमी असेल, किंवा कर्जाचा दर लवकरच बदलणार असेल, तर सुनक यांची योजना, तिच्या कोलांटउड्यांसह, अधिक उपयोगी आहे. पगार बरा आहे, कर्ज फिटलेले आहे किंवा स्वतःची नफ्यातली कंपनी आहे, अशांना ट्रस यांच्या योजनेतून निश्चितच अधिक मिळेल आणि त्यांनी तसे मत दिले तर ते त्यांच्या हिशेबाला धरूनच होईल. मधल्या पगाराच्या, भाड्याने राहणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी मात्र निवड खरोखर अवघड आहे: पहिल्या वर्षी दोनशे पौंड अधिक, की त्यानंतरच्या व्याजदरांची थोडी कमी धास्ती? घरमालकाचा हप्ता वाढला की भाडेही वाढते, एवढे त्यांनी हिशेबात धरावे.

मत ऑनलाइन देता येते आणि टपालानेही. टपालाने द्यायचे असेल, तर सोमवारी बँक हॉलिडे आहे. लिफाफा त्याआधीच पेटीत टाकावा, कारण शुक्रवार, 2 सप्टेंबर रोजी संध्याकाळी पाचनंतर पोचलेले मत धरले जाणार नाही.